वाहतूक पोलीस नेमके कोणाला थांबवतात?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझा पुतण्या कामावरून घरी येताना दुचाकीवरून पडला आणि त्याच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. डोक्यावर हेल्मेट होते आणि समोरच्या रिक्षाचालकाने वेळीच ब्रेक दाबला, म्हणून एवढ्यावरच निभावले. परंतु हा अपघात ज्या कारणाने झाला, ते कारण मला तेव्हापासून स्वस्थ बसू देत नाही, आणि ते एकट्या माझ्या घरापुरते नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

नाशकात मुंबई नाक्याकडे येत असताना त्याला दुरून वाहतूक पोलीस उभे दिसले. त्याच दिवशी सकाळी त्याच्या मित्रांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘महिनाअखेर आहे, बाहेरच्या नंबरच्या गाड्या धरत आहेत’ असा निरोप फिरला होता. त्याची गाडी पुण्यात शिकत असताना घेतलेली, त्यामुळे तिची पाटी एमएच १२ ची आहे. त्याने जागेवरच गाडी वळवली, उलट दिशेने थोडे अंतर गेला आणि बाजूच्या गल्लीतून बाहेर पडणाऱ्या रिक्षावर आदळला. त्या वेळी त्याच्याजवळ लायसन्स होते, गाडीचे आरसी होते, विमा चालू होता, पीयूसीची मुदत शिल्लक होती. पोलिसांनी थांबवले असते तरी कागद पाहून त्याला सोडावेच लागले असते. ‘मग वळलास कशाला?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘काका, महिनाअखेर आणि त्यात पुण्याची गाडी, त्यांनी काहीतरी काढलंच असतं.’ शिकलासवरलेला, नियम पाळणारा मुलगा एका ऐकीव गोष्टीवर इतका विश्वास ठेवतो की नियम मोडणे त्याला नियम पाळण्यापेक्षा सुरक्षित वाटते, ही मला अतिशय गंभीर गोष्ट वाटते.

मी छत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. पुतण्या प्लास्टर घालून घरी बसला त्या दिवसांत मी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना, गॅरेजवाल्याला, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीने जाणाऱ्या शेजाऱ्यांना एकच प्रश्न विचारत होतो: वाहतूक पोलीस माणूस कसा निवडतात? उत्तर नाही असा एकही जण भेटला नाही. महिन्याच्या शेवटी टार्गेट पूर्ण करायचे असते. नाशिकची एमएच १५ सोडून दुसरी पाटी दिसली की हात करतात. बाई चालवत असेल तर सोडतात. पुढे लहान मूल बसवले की थांबवत नाहीत. पोलिसाच्या डोळ्याला डोळा दिला की अडकलात. पाऊस सुरू झाला की ते आडोशाला जातात. मोठ्या गाडीला कधी हात लावत नाहीत. एकदा पावती फाडली की त्या दिवशी पुन्हा कोणी विचारत नाही. प्रत्येकाने हे ठामपणे सांगितले आणि प्रत्येकाकडे पुरावा म्हणून स्वतःचा किंवा मेहुण्याचा एक प्रसंग होता.

यांतील महिनाअखेरीची समजूत सर्वांत बळकट आहे, म्हणून तिच्याकडे आधी पाहतो. ‘महिनाअखेर’ म्हणजे कोणती तारीख, असे विचारले तर लोक साधारणपणे वीस तारखेच्या पुढचे दिवस सांगतात. वीस तारखेनंतर महिन्याचे दहा-अकरा दिवस उरतात, म्हणजे महिन्याचा जवळजवळ एकतृतीयांश भाग. पोलीस दररोज सारखीच कारवाई करत असले तरी थांबवल्या जाणाऱ्या दर तीन माणसांपैकी एकाला महिनाअखेरच सापडणार. उरलेल्या दोघांसाठीही कारणे तयारच असतात: पाच-सात तारखेला थांबवले तर ‘पगार झालेत म्हणून’, सणाच्या आधी थांबवले तर ‘दिवाळी आली म्हणून’, मार्चमध्ये थांबवले तर ‘वर्षअखेर म्हणून’. ज्या समजुतीत वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस बसतात, ती खोटी ठरण्याची वेळ कधीच येत नाही. म्हणूनच ती टिकते.

याचा अर्थ लोकांचा संशय अगदीच निराधार आहे, असे मी म्हणत नाही. ज्या कामाचे मोजमाप ‘इतक्या वाहनचालकांवर कारवाई, इतक्या लाखांचा दंड’ अशा आकड्यांनी केले जाते आणि तेच आकडे कर्तबगारी म्हणून जाहीर केले जातात, ते काम करणाऱ्याच्या मनावर आकड्याचे दडपण येणारच, आणि बातमी वाचणाऱ्याला ते दडपण दिसणारच. मात्र येथे एक साधी गोष्ट विसरली जाते. ई-चलनाने भरलेली रक्कम शासनाच्या तिजोरीत जाते. चौकातील हवालदाराच्या पगारात त्याने एक रुपयाची भर पडत नाही. काही ठरावीक दिवसांत कारवाई खरोखरच वाढते, हेही खरे आहे. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियान असते, ३१ डिसेंबरच्या रात्री मद्यपी चालकांसाठी नाकाबंदी असते, अधूनमधून हेल्मेटची मोहीम निघते. नाशिककरांना १५ ऑगस्ट २०२१ पासून राबवलेली ‘नो हेल्मेट, नो पेट्रोल’ ही मोहीम आणि त्यानंतर विनाहेल्मेट सापडलेल्यांचे केलेले समुपदेशन आठवत असेल. ज्याला मोहिमेची माहिती नसते, त्याला अचानक वाढलेली कारवाई टार्गेटसारखी भासते. मोहीम कोणती, कशासाठी आणि किती दिवस, हे आधीच ठळकपणे सांगितले तर अर्धा संशय तेथेच विरेल.

पाटीची गोष्ट याहून अधिक नुकसान करते, कारण ती माणसाला आपल्याच राज्यात परका करते. कायदा येथे अगदी स्पष्ट आहे. महाराष्ट्रात नोंदलेली गाडी महाराष्ट्राच्या कोणत्याही जिल्ह्यात चालवता येते. पुण्याहून नाशकात राहायला आल्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे तीस दिवसांत पत्त्याचा बदल कळवावा लागतो, पाटीचा क्रमांक बदलावा लागत नाही. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवली तरच नवीन नोंदणीचा प्रश्न येतो. तरीही बाहेरच्या पाट्यांच्या गाड्या थांबलेल्या आपल्याला दिसतात, आणि त्याचे कारण मला जुन्या नाशकात मिळाले. पंचवटीत, रविवार कारंजाच्या आसपास, मेन रोडच्या परिसरात कोठे एकेरी मार्ग आहे आणि कोठे गाडी उभी करायची नाही, हे आपल्याला लहानपणापासून पायांनी माहीत आहे. त्र्यंबकेश्वर, सप्तशृंगगड किंवा शिर्डी करून रामकुंडाकडे आलेल्या सुरत-मुंबईच्या कुटुंबाला ते ठाऊक नसते. ते मोबाइलचा नकाशा पाहत उलट्या दिशेने शिरतात आणि थांबवले जातात. त्यांच्यापुढे अडचण पाटीची नसते, चौकात नीट दिसेल अशा सूचनाफलकाची असते. शिवाय एमएच १५ च्या माणसाला थांबवले तर तो ‘माझी पाटी नाशिकची म्हणून थांबवले’ असे कधीच म्हणत नाही. एमएच १२ वाल्याला मात्र आपली पाटीच प्रथम आठवते.

पाटीसंबंधी खरा गुन्हा निराळाच आहे आणि त्याकडे आपण कौतुकाने पाहतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक इंग्रजी अक्षरांत आणि आंतरराष्ट्रीय अंकांत, ठरलेल्या आकारातच लिहावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवलेलीच येते. अंक वाकवून ‘दादा’ किंवा ‘बॉस’ वाचता येईल अशी पाटी लावणारा तरुण थांबवला गेला, तर त्याला कोणी निवडले नाही. त्याने स्वतःच हात वर केला आहे. फटाके फोडल्यासारखा आवाज करणारा सायलेन्सर लावलेल्या बुलेटचेही तेच. ‘बुलेटवाल्यांवर डोळा असतो’ असे म्हणणाऱ्यांनी मूळ सायलेन्सर असलेली किती बुलेट थांबवली जाते, हे एकदा उभे राहून पाहावे.

मी ते पाहिले. पंधरा दिवस संध्याकाळी सिग्नलजवळच्या एका औषधाच्या दुकानाबाहेरील बाकावर बसलो. कोणाची नावे किंवा क्रमांक टिपायचे नव्हते. निवड कशी होते एवढेच समजून घ्यायचे होते. जे दिसले ते अगदी साधे होते. पोलीस सिग्नल ओलांडल्यानंतरच्या डाव्या कोपऱ्यावर उभे असतात, कारण गाडी बाजूला घ्यायला जागा तेथेच असते. सिग्नल सुटला की वाहनांचा लोंढा येतो. त्या लोंढ्यात रस्त्याच्या मध्यभागी वेगाने जाणाऱ्याला हात करणे म्हणजे त्याच्यासह मागच्या चौघांना पाडणे, म्हणून हात होतो तो डावीकडून, सावकाश येणाऱ्याला, आणि त्यातही पुढच्या रांगेत असलेल्याला. पन्नास पावलांवरून हेल्मेट नसलेले डोके दिसते. एका गाडीवरचे तिघे दिसतात. कानाला लावलेला मोबाइल दिसतो. सीटबेल्ट काचेच्या चकाकीमुळे दिसत नाही. विमा संपला आहे की चालू, हे तर चेहऱ्यावर लिहिलेलेच नसते. एकदा कोणी थांबला की मशिनमध्ये गाडीचा क्रमांक टाकणे, कलम निवडणे, फोटो काढणे, मोबाइल क्रमांक विचारणे आणि त्यात होणारी वादावादी यात पाच मिनिटे सहज जातात. तेवढ्या वेळात दोनदा सिग्नल सुटतो आणि नियम मोडणारे दहा-वीस जण समोरून निघून जातात.

ज्याला थांबवलेले असते तो त्या निघून जाणाऱ्यांकडे बोट दाखवून म्हणतो, ‘त्यांना का नाही धरलं, मलाच का?’ त्याचे दुःख खरे असते, पण त्याचा निष्कर्ष चुकीचा असतो. त्याच्या गाडीचा रंग, कपडे, जात किंवा गाव पाहून त्याला थांबवलेले नसते. दोन पोलिसांना हजार गाड्यांतून जी गाडी धोका न पत्करता थांबवता आली, ती त्याची होती. या निवडीत एक मोठा अन्याय आहे, हे मी येथे आवर्जून लिहितो. जे दिसते तेच पकडले जाते, त्यामुळे दुचाकीस्वारावर आणि त्यातही सावकाश चालवणाऱ्यावर कारवाईचा भार पडतो. काचा चढवून, एका हाताने मोबाइल पाहत चालवणारा मोटारचालक त्याच्याहून कितीतरी अधिक धोकादायक असतो आणि बहुधा सुटतो. ‘मोठ्या गाडीला हात लावत नाहीत’ या तक्रारीत तथ्य आहे. पण मला दिसलेले त्यामागचे मोठे कारण असे, की भर रस्त्यात मोटार थांबवली तर मागची वाहतूक मुंबई नाक्यापासून द्वारका चौकापर्यंत तुंबते.

या सर्वांत एक समजूत मला अतिशय भयंकर वाटते. पुढे लहान मूल बसवले की पोलीस हात करत नाहीत, असे ऐकून काही जण मुद्दाम मुलाला टाकीवर बसवतात. शाळा सुटण्याच्या वेळी कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला हे दृश्य पाहायला मिळते. कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे. केवळ पगडी घालणाऱ्या शीख व्यक्तींना त्यातून सूट आहे. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा व लहान हेल्मेट घालावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. पोलिसाला दया यावी म्हणून जे मूल पुढे बसवले जाते, अपघातात त्याचेच डोके आधी हँडलवर आदळते. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, आणि त्यांतील ५०,०२९ दुचाकीवरील अशी होती की ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे आकडे आहेत. पावती चुकवण्याची युक्ती म्हणून मूल पुढे बसवणाऱ्या आईवडिलांनी ते एकदा डोळ्यांखालून घालावेत, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

हेल्मेटवरून आणखी दोन गोष्टी पसरल्या आहेत. महापालिकेच्या हद्दीत हेल्मेटची सक्ती नाही, असा न्यायालयाचा निकाल लागल्याचा निरोप वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो खोटा आहे. कलम १२९ मध्ये शहर आणि महामार्ग असा भेद नाही. दुसरी गोष्ट पावतीची. एकदा दंड भरला की रात्री बारापर्यंत मोकळीक, असे अनेक जण समजतात आणि पावती खिशात घालून तसेच बोडक्या डोक्याने पुढे जातात. अशी सवलत कायद्यात कोठेही लिहिलेली नाही. दंड झाला तो घडून गेलेल्या चुकीचा. पुढच्या चौकात तीच चूक चालू असेल तर ती चूकच राहते. २०१९ मध्ये सुधारित कायदा आल्यावर तर अफवांना ऊत आला होता. अर्ध्या बाहीचा शर्ट घातला, लुंगी नेसली, चप्पल घालून गाडी चालवली, गाडीत जादा बल्ब नसला तरी दंड होतो, असे लोक खरे मानू लागले होते, तेव्हा केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या कार्यालयाला यापैकी कशालाही दंड नाही, असा जाहीर खुलासा करावा लागला. देशात सुधारित दंड १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाले आणि महाराष्ट्राने त्यांवर आधारित वाढीव दर डिसेंबर २०२१ मध्ये आणले. मधल्या सव्वादोन वर्षांत कोणता दंड किती, हे सामान्य माणसाला नीट कळलेच नाही, आणि ती पोकळी अफवांनी भरून काढली.

आता माणसाच्या जागी कॅमेरा आला आहे, तर समजुतींनीही नवे रूप घेतले आहे. कॅमेरा कोणाचा चेहरा पाहत नाही, हे खरे. पण पाटी मात्र तो चुकीची वाचू शकतो. मला स्वतःला दोन वर्षांपूर्वी, मी कधीही न गेलेल्या एका जिल्ह्यातील ई-चलन आले होते. चलनातील फोटो उघडून पाहिला तेव्हा गाडी दुसरीच होती. पाटीवरील एका चिखलाने भरलेल्या अंकामुळे आठचे तीन झाले होते. मी राज्य वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवली, सोबत माझ्या गाडीचा फोटो जोडला. उत्तर यायला बराच काळ लागला, त्या काळात मला झोप लागत नव्हती, पण अखेर चलन रद्द झाले. माझ्या ओळखीच्या दोघांनी मात्र अशा वेळी न पाहताच पैसे भरून टाकले, कारण ‘कॅमेऱ्याशी कोण भांडणार’. घरी उभ्या असलेल्या गाडीला चलन येते तेव्हा बहुधा तीनपैकी एक कारण असते: अंक चुकीचा वाचला गेला, कोणी खोटी पाटी लावली, किंवा विकलेली गाडी अजून आपल्याच नावावर आहे. राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे विकणाऱ्याचेही कर्तव्य आहे. ते टाळले की नव्या मालकाचे दंड जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहतात.

कॅमेऱ्याच्या कारवाईलाही नियम आहेत आणि ते नागरिकांच्या बाजूचे आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम घालण्यात आला. त्याप्रमाणे अशा यंत्राला प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवे. कॅमेऱ्याची नजर असलेल्या रस्त्याच्या आधी ठळक सूचनाफलक हवा. आणि गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पोहोचायला हवी. पोलिसांनी स्वतःच्या खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलन करू नये, असा आदेशही राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ साली दिला. हे नियम लोकांना ठाऊक असते, तर ‘ते लपून फोटो काढतात’ या तक्रारीला अफवेऐवजी अर्जाचे रूप आले असते. या गोंधळाचा फायदा आता चोरही घेत आहेत. चलनाच्या नावाने लिंक किंवा एपीके फाइल (मोबाइलमध्ये ॲप बसवणारी फाइल) पाठवून बँक खाते रिकामे करण्याचे प्रकार सुरू आहेत. चलन पाहायचे असेल तर संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करावा आणि तो ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो का ते पाहावे, कोणी पाठवलेली फाइल उघडू नये.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी पोलिसांचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. ओळखीचा फोन लावून सुटणारे लोक मी त्या बाकावरून पाहिले. ‘पोलीस’, ‘प्रेस’ किंवा एखाद्या पक्षाचे चिन्ह काचेवर लावलेली गाडी पाहून वर आलेला हात खाली जाताना पाहिला. या एका दृश्याने जितका अविश्वास निर्माण होतो, तितका शंभर अफवांनी होत नाही. ज्यांच्यावर कायद्याची अंमलबजावणी सोपवली आहे त्यांनीच तो मोडला तर दंड दुप्पट, असे कलम २१०-ब सांगते. ही तरतूद किती जणांना ठाऊक आहे आणि नाशकात तिचा वापर किती वेळा झाला, हे पोलीस आयुक्तालयाने सांगावे. चिरीमिरी मागितली तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. मात्र ‘पाचशेऐवजी दोनशे घ्या आणि सोडा’ असे म्हणण्याची सुरुवात पुष्कळदा आपल्याच बाजूने होते, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणे हाही स्पष्ट गुन्हा आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. पोलिसांचे अधिकार आणि आपले हक्क यांबाबतही नेमकी माहिती हवी. गणवेशातील कोणत्याही पोलिसाने मागितले तर लायसन्स दाखवावे लागते. डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधील कागद २०१८ पासून चालतात. गाडीची चावी काढून घ्यावी, असे मात्र मोटार वाहन कायद्यात लिहिलेले नाही.

मला सर्वांत अधिक खटकते ते हे, की या अफवांमुळे आपले सारे लक्ष रस्त्यावरून उडून पोलिसावर जाते. पुढच्या चौकात मामा आहेत का, हे आपण एकमेकांना तत्परतेने कळवतो. पुढच्या चौकात खड्डा आहे, हे कळवत नाही. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेलजवळ खासगी बस आणि अवजड वाहन यांच्या धडकेनंतर बसला आग लागली आणि बारा जण होरपळून गेले. त्या चौकात त्या वेळी कारवाई कोणावर व्हायला हवी होती, हा प्रश्न आपण विचारायला हवा. सुमारे पाचशे मीटरच्या ज्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा अपघातांत दहा मृत्यू होतात, त्याला केंद्र शासन ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणते. पोलिसांचे मनुष्यबळ कोठे आणि कोणत्या वेळी उभे करायचे, हे या टप्प्यांवरून ठरले आणि ते तसे ठरले आहे हे लोकांना दिसले, तर ‘ते कोणाला निवडतात’ या प्रश्नाला एक सरळ उत्तर मिळेल: जेथे माणसे मरतात, तेथे मरणाला कारण होणारी चूक करणाऱ्याला.

म्हणून शहर वाहतूक शाखेकडे माझी मागणी अगदी मर्यादित आहे. प्रत्येक चलनाची तारीख, वेळ, चौक, कलम आणि वाहनाचा प्रकार मशिनमध्ये नोंदलेला असतोच. वाहनमालकाचे नाव आणि पाटीचा क्रमांक वगळून ही माहिती दर महिन्याला जाहीर करावी. वीस तारखेनंतर कारवाई वाढते की नाही, बाहेरच्या जिल्ह्यांतील गाड्यांचे प्रमाण किती, दुचाकी किती आणि मोटारी किती, कॅमेऱ्याच्या किती तक्रारी आल्या आणि त्यांतील किती चलने रद्द झाली, हे कोणत्याही शाळकरी मुलाला त्यावरून काढता येईल. कदाचित महिनाअखेरीची समजूत खरीही निघेल. तसे निघाले तर वरिष्ठांनी ते बदलावे. चौकात कारवाई करणाऱ्या पोलिसांच्या अंगावर कॅमेरे असावेत. कायद्याच्या कलम १३६-अ मध्ये त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि ते वाहनचालकाइतकेच प्रामाणिक पोलिसाचेही संरक्षण करतील. सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी देशभरातून जी वाहने नाशकात येतील, त्यांच्या पाट्या निरनिराळ्याच असणार आहेत. त्यापूर्वी जुन्या नाशकातील एकेरी मार्गांचे आणि कॅमेऱ्यांचे फलक मराठीसोबत हिंदीतही, दुरून वाचता येतील असे लागावेत.

पुतण्याचे प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. गाडीची पाटी बदलून घेऊ का, असे त्याने परवा पुन्हा विचारले. मी त्याला कलम ४९ वाचून दाखवले आणि पत्ता बदलाचा अर्ज भरायला बसवले. आयुक्तालयाने वरील माहिती पहिल्यांदा प्रसिद्ध केली की ती मोठ्या अक्षरांत उतरवून त्या औषधाच्या दुकानाबाहेर लावण्याची परवानगी मी दुकानदाराकडून घेऊन ठेवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक